धुळ्याजवळच्या कोरड्या डोंगरांत मुक्कामी भटकंती: लळिंग, भामेर आणि पाण्याचं गणित

पांझराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुण्याहून बदली होऊन धुळ्याला आलोय. तिकडे असताना शनिवार-रविवार सह्याद्रीत जाणं ठरलेलंच. इथे आल्यावर सहकारी म्हणाले, "इथं काय डोंगर? नुसतं माळरान." पण रोज सकाळी गच्चीवरून दक्षिणेला लळिंगचा किल्ला दिसतो आणि पाय शिवशिवतात.

डिसेंबरात एक रात्र तंबू टाकून राहायचं म्हणतोय. मी, दोन मित्र आणि त्यांतल्या एकाची बारा वर्षांची मुलगी. लळिंग किंवा भामेर डोक्यात आहे. किल्ल्यांच्या इतिहासावर वाचायला भरपूर मिळालं, पण वर पिण्याचं पाणी मिळतं का, रात्री राहू देतात का, थंडी किती पडते, हे कुणीच लिहीत नाही. सह्याद्रीत टाकं दिसलं की बाटली भरायची सवय आहे. इथे तसं चालेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

लळिंगकर

भाऊ, तठे पानी नही शे. आठेच भरी ल्या.

म्हणजे टाकी आहेत, कातळात खोदलेली आहेत, पावसाळ्यानंतर काही दिवस भरलेलीही असतात. पण ते पाणी गुरं-माकडं-पाखरांचं. शेवाळ, त्यात कुणीतरी टाकलेल्या बाटल्या. आम्ही गावातले लोक वरचं पाणी पीत नाही, तुम्ही कशाला पिता? खाली गावात हापसा आहे, कुणाच्याही दारात मागितलं तर हंडाभर देतील. पूर्ण भरून घ्या आणि मगच चढा.

वाट सोपी आहे, गावातून निघालात की पाऊण तासात वर. फक्त दुपारी बारा ते चार चढू नका, डिसेंबर असला तरी. सावलीला झाड नाही. जी झाडं दिसतात ती सलईची, आणि तिची पानं थंडीत गळायला लागतात.

कातळवेडा

धाग्याचा विषय आवडीचा, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, इथला डोंगर सह्याद्रीसारखा वागेल ही अपेक्षा सोडा. दगड तोच, काळा बसाल्ट. पाऊस मात्र तो नाही. घाटमाथ्यावर ढग रिकामे होतात आणि धुळ्यापर्यंत उरलंसुरलं पोचतं. शहराच्या आसपास वर्षाचा सरासरी पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आगेमागे. त्याच जिल्ह्यांच्या पट्ट्यात पश्चिमेला नवापूरकडे गेलात की त्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे "खान्देशात असं असतं" असं कुणी सरसकट सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या खान्देशात?

दुसरी गोष्ट, जी इथे येऊन बघायलाच हवी: डाइक. धुळे-नंदुरबार पट्ट्यात जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा वर आला आणि भेगेतच थिजला. आजूबाजूचा मऊ खडक झिजला, हा कठीण पट्टा मात्र उभा राहिला. म्हणून साक्रीकडे जाताना माळावर मैलोन् मैल सरळ रेषेत चाललेल्या दगडी भिंती दिसतात, बहुतेक पूर्व-पश्चिम अंगाच्या. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो की हा कुठल्या राजाचा तट. डाइकांचा एवढा दाट समूह महाराष्ट्रात दुसरीकडे सहज दिसत नाही. त्या भिंतीच्या माथ्यावरून चालणं हा इथला खरा ट्रेक. पण दगड चौकोनी ठोकळ्यांत तुटतो आणि पायाखाली हलतो, त्यामुळे घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घाला.

तिसरी गोष्ट तंबूच्या जागेबद्दल. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की सूर्य गेल्यावर जमीन झपाट्याने थंड होते, आणि गार हवा उतारावरून खाली सरकत ओढ्यात, खोलगट जागेत साचते. दुपारी तुम्हाला सावलीची म्हणून जी नाळ (डोंगरातली अरुंद घळ) आवडेल, तिथेच पहाटे दात वाजतील. उताराच्या मधली एखादी सपाट पायरी शोधा, वाऱ्याच्या आडोशाची. डिसेंबर-जानेवारीत इथल्या कृषी महाविद्यालयाच्या केंद्रावर पारा चार-पाच अंशांवर उतरल्याच्या बातम्या येतात, त्या वाचून ठेवा. दुपारी तिशीच्या जवळ आणि पहाटे पाच-सात! पुण्याची स्लीपिंग बॅग पुरेल याची खात्री करा.

कुसळ

काय घाबरवता राव त्यांना. मी कित्येकदा लळिंगवर झोपलोय, साध्या सतरंजीवर. रात्री आग्रा रोडवरचे ट्रक मुंग्यांच्या रांगेसारखे दिसतात आणि पलीकडे अख्खं धुळं लखलखतं. वर राहायची मजा खाली नाही. तंबू उचला आणि जा. परवानगी-बिरवानगी कोण विचारतंय.

सलई

कोण विचारतंय? वनरक्षक विचारतात, कुसळभाऊ. लळिंगचं कुरण वनविभागाचं आहे आणि त्या भागात बिबट्याचा वावर आहे. गेल्या काही वर्षांत गुरं-वासरं मारल्याच्या घटना गावकऱ्यांना तोंडपाठ आहेत. तुम्ही एकटे सतरंजीवर झोपता तो तुमचा प्रश्न. यांच्याबरोबर लहान मुलगी आहे.

पांझराकाठ, धुळ्यात वनविभागाचं कार्यालय आहे, तिथे जाऊन साधा अर्ज द्या. कुठे मुक्काम करता येईल आणि कुठे नाही, ते तेच सांगतील. नाही म्हणाले तर नाही. दिवसा किल्ला आणि रात्री पायथ्याला शेतात, हा कधीही उत्तम पर्याय.

कुसळ

शेतात झोपायचं तर घरीच झोपा की.

सलई

झोपते.

इतिहासाचा चष्मा

लळिंगला जाणारच आहात तर एवढं माहीत असू द्या. खान्देशच्या फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा. त्याला फिरोजशाह तुघलकाकडून थाळनेर आणि करवंदचा मुलूख १३७० च्या सुमारास मिळाला. लळिंग त्याच्या मुलाकडे, नासिर खानाकडे होतं. बहामनींशी झालेल्या लढाईत हार खाऊन तो लळिंगलाच आला आणि इथेच १४३७ मध्ये वारला. बुऱ्हाणपूर वसवणारा हाच नासिर. म्हणजे ज्याचं नाव घेतलं की लोकांना तापीकाठचं बुऱ्हाणपूर आठवतं, त्याचा शेवट धुळ्याजवळच्या या उघड्या टेकडीवर झाला.

पायथ्याच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्यातल्या कोर्टाच्या कामासाठी आले असता राहिले होते. दरवर्षी ३१ जुलैला तिथे मोठी गर्दी जमते. पावसाळ्यात जाणार असाल तर ती तारीख ध्यानात ठेवा. बंगला बघायला निवांतपणा हवा असेल तर दुसरा दिवस निवडा, आणि माणसं बघायची असतील तर तोच.

लळिंगकर

चष्मेवाल्या भाऊंना +१. फक्त पाण्याच्या धाग्यात चौदावं शतक भरलंत!

सीताफळ

मी आरोग्य खात्यात आहे, धुळे जिल्ह्यातच, त्यामुळे या धाग्यावर न लिहिता राहवलं नाही.

पाण्याचं आधी. दुपारी तीनला निघून दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत परतणार असाल, तर डिसेंबरात मोठ्या माणसाला पिण्यासाठी चार लिटर धरा. स्वयंपाक, हात-तोंड धुणं आणि राखीव मिळून आणखी दीड-दोन. चौघांचे वीस-बावीस लिटर, म्हणजे तेवढेच किलो. हे वजन पाठीवर घेऊन चढायचंय हे आकड्यातून दिसलं की निम्म्या लोकांचा किल्ल्यावर झोपायचा हट्ट आपोआप उतरतो. (कुसळभाऊ, टोमणा नाही, हिशोब आहे.)

नुसतं पाणी पिऊन भागत नाही. घामातून मीठ जातं, म्हणून ओआरएसच्या पुड्या ठेवा. नसतील तर लिंबू-मीठ-साखर. मुलीला तहान लागायची वाट बघू नका. मुलं खेळात विसरतात, अर्ध्या-अर्ध्या तासाने तिला घोट-दोन घोट प्यायला लावा. फेब्रुवारी संपल्यावर मात्र दुपारच्या चढाईचा विचारच सोडा. मार्च ते जून इथलं ऊन म्हणजे चेष्टा नाही, भुसावळ-जळगावकडे तर पंचेचाळीसच्या वर जातं. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, चालताना झोकांड्या खायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो थकवा समजू नका, तो उष्माघात. सावलीत झोपवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आता फुरसं. ज्यांना वाटतं की साप म्हणजे ओलावा आणि झाडी, त्यांनी खान्देशातल्या दगडांखाली बघावं. फुरसं लहान, मातकट रंगाचं, दगडगोट्यात दिसतही नाही आणि रात्री बाहेर पडतं. थंडीत वावर कमी असतो, पण नसतो असं नाही. म्हणून: उघड्या हाताने दगड उचलायचा नाही, अंधारात टॉर्चशिवाय लघवीलासुद्धा जायचं नाही, सकाळी बूट झटकूनच घालायचे, तंबूची चेन कायम बंद. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. पाय स्थिर ठेवून सरळ दवाखाना. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, सुरुवातीला माणूस ठणठणीत वाटतो आणि तिथेच घोळ होतो. "काही नाही झालं" म्हणत रात्र काढायची नाही. त्यावर प्रतिविष आहे आणि ते सरकारी रुग्णालयात मिळतं. लळिंगहून धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. भामेरहून लांब पडेल, हे जागा ठरवताना लक्षात घ्या.

पांझराकाठ

सीताफळताई, मनापासून आभार. वीस लिटरचा आकडा वाचून मित्राने लगेच विचारलं, "गाडी किल्ल्यावर जाते का?"

कातळवेडा, डाइकची माहिती पूर्ण नवीन होती. काल कामानिमित्त साक्री रोडला गेलो तर खरंच ती भिंत दिसली, गाडी थांबवून बघत बसलो. भामेरबद्दल कुणी सांगेल का? आणि शेकोटीचं काय? मुलीला शेकोटी हवीच आहे.

निजामपूरचा

भामेर आमचं. साक्रीहून निजामपूर आणि तिथून भामेर गाव. किल्ल्याचे अवशेष गावातूनच सुरू होतात. जुन्या वेशीचे दगड, नक्षीचे खांब कुणाच्या ओट्याला, कुणाच्या गोठ्याला लागलेले. वर डोंगरात चौकोनी खांबांची खोदलेली दालनं आहेत, टाकी आहेत. दालनात सावली आहे, हे लळिंगपेक्षा सुख. पण वटवाघळं असतात, आत झोपायला नको.

रात्रीचं आकाश म्हणाल तर लळिंगला धुळ्याचा उजेड, हायवेचा उजेड. इकडे अंधार जास्त. मात्र हल्ली ब्राह्मणवेलपासून आजूबाजूच्या सगळ्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. रात्री त्यांचे लाल दिवे लुकलुकत राहतात आणि वारा पडला नाही तर पात्यांचा घूं-घूं आवाज. काहींना त्रास होतो. माझ्या पोरांना त्याशिवाय झोप येत नाही.

आणखी एक. कड्याला आग्या मोहोळ असतात. आरडाओरडा, धूर, अत्तर-सेंट नको. ड्रोन तर अजिबात नको. मधमाश्या उठल्या की पळायला झाड नाही, पाणी नाही.

सलई

शेकोटीचं मी सांगते, आणि इथे मी ऐकून घेणार नाही.

दिवाळीनंतर कुरणातलं गवत पिवळं पडतं. कुसळी, पवन्या, सगळं कडक वाळलेलं. एक ठिणगी, वर वारा, आणि वणवा एका रात्रीत डोंगराच्या या अंगाचा त्या अंगाला जातो. त्यात जमिनीवर घरटं करणारे पक्षी, सरडे, अंजनाची कोवळी रोपं, सगळं जातं. अंजन म्हणजे आपल्या कोरड्या रानाचं खरं झाड. भेगाळलेल्या खडकात मूळ घालतं आणि भर उन्हाळ्यात नवी पालवी काढतं. पण लहान रोपाला आगीपुढे काही चालत नाही. गावकऱ्यांचा वर्षाचा चारा जातो तो वेगळा. अभयारण्यात तर आग पेटवण्याला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३० खाली मनाईच आहे. कुरण अभयारण्य नाही म्हणून कुणी वकिली करू नये, वनखात्याचे नियम तिथेही आहेत.

कुसळ

या बाबतीत सलईताईंशी सहमत. नोंद घ्यावी, पुन्हा होणार नाही.

केळीच्या बागेत

शेकोटी हवी तर आमच्या जळगावच्या पद्धतीने करा ना! खान्देशात थंडीतला मुक्काम म्हणजे भरीत पार्टी. कापूस वेचून झालेलं शेत, कपाशीच्या वाळलेल्या काड्या, त्यावर बामणोदची मोठी हिरवी-पांढरी वांगी. साल काळी होऊन फुटेपर्यंत भाजायची, सोलून ठेचायची, त्यात हिरव्या मिरच्यांचा ठेचा, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुरी. शेताचा मालक बांधावर बसलेला, विहीर शेजारी, मोकळी नांगरलेली जमीन, आग पसरायला गवत नाही. पाणी आणि आग, दोन्ही प्रश्न सुटले.

तंबू तिथेच टाका. पहाटे चारला उठून डोंगर चढा आणि सूर्योदय वरून बघा. थंडीत रिकाम्या पाठीने चढायला काय लागतं?

इतिहासाचा चष्मा

"जळगावच्या पद्धतीने" हा शब्दप्रयोग धुळेकर खपवून घेणार नाहीत. भरीत आमच्याकडेही होतं.

केळीच्या बागेत

होतं ना. वांगी आमच्याकडून येतात.

चाळीसगावकर

पाटणादेवीचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं नवल वाटतं. चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटर. चंडिकादेवीचं जुनं देऊळ, मागे डोंगर, केदारकुंड आणि धवलतीर्थाकडे जाणाऱ्या वाटा, कन्हेरगड, वर पितळखोऱ्याची लेणी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याचा इसवी सन १२०७ चा शिलालेख इथलाच. गणिताच्या शिक्षकांनी तरी एकदा यावं.

पण धागाकर्ते, तंबू घेऊन इथे येऊ नका. हा सगळा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. प्रवेशद्वारावर नोंद करून दिवसभर फिरा, अंधार पडायच्या आत बाहेर. ज्यांना झाडी हवी, ओढा हवा, त्यांनी लळिंगऐवजी एक दिवस इथे घालवावा. ऑक्टोबरात या, पाणी असतं.

गुगलपंडित

एवढी यातायात करण्यापेक्षा तोरणमाळला जा ना सरळ. थंड हवेचं ठिकाण, यशवंत तलाव, खोल्या मिळतात. खान्देशात दुसरं आहे काय?

कातळवेडा

तोरणमाळ सुंदरच आहे, सातपुड्यात साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर, आणि धुळ्यात घाम गाळणाऱ्याला तिथे पोचल्यावर दुसऱ्या देशात आल्यासारखं वाटतं. पण यांना शहराजवळचा कोरडा डोंगर अनुभवायचाय, थंड हवा नाही. कुणी भाकरी मागितली तर पुलाव वाढू नये.

शिवाय "दुसरं आहे काय" या प्रश्नावर एवढंच म्हणेन: हिरवळ म्हणजेच निसर्ग असं डोळ्यांना शिकवलं की हा प्रदेश दिसतच नाही. पानं गळलेल्या सलईचं पांढुरकं खोड संध्याकाळच्या उन्हात कसं दिसतं, ते बघून मग बोला. आणि सह्याद्रीत पावसाळ्यात धुक्यात उभं राहून लोक ज्याची वाट बघतात ते दूरचं दृश्य इथे रोज फुकट मिळतं, झाडी-धुकं काहीच आड येत नाही.

सीताफळ

कुसळाबद्दल कुणी सांगितलं नाही (गवताबद्दल बोलतेय, सदस्याबद्दल नाही). ऑक्टोबर-नोव्हेंबरात लोकरी किंवा जाड सुती मोजे घातलेत तर टोकदार काड्या विणीत घुसतात आणि पायात टोचत राहतात. गुळगुळीत कापडाची पॅन्ट, बुटावर गेटर. नसेल तर जुन्या छत्रीचं कापड पोटरीला गुंडाळा, उत्तम चालतं. तंबूच्या तळाखाली ताडपत्री घाला, बोराटीचे काटे तळातून वर येतात. फुगवायची गादी असेल तर ती घरीच ठेवा.

पांझराकाठ

काल वनविभागाच्या कार्यालयात जाऊन आलो. किल्ल्यावर आणि कुरणात मुक्कामाला नाही म्हणाले. दिवसा जायला हरकत नाही, गावात सांगून जा, अंधार व्हायच्या आत खाली या, पहाटे पुरेसं उजाडल्यावर चढा, असं सांगितलं. त्यामुळे चार वाजताची चढाई रद्द, साडेसहाला निघू. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, अर्ध्या वाटेवर गाठेल.

लळिंगकर, तुमच्या ओळखीने पायथ्याजवळ एखादं शेत मिळेल का? कपाशी निघालेलं असेल तर उत्तम. जागेचे आणि लाकूडफाट्याचे जे काही होतील ते पैसे देऊ.

१३ डिसेंबरची रात्र धरलीय, मिथुन राशीतला उल्कावर्षाव त्याच सुमारास असतो. शहराच्या उजेडात किती दिसेल कोण जाणे, पण मुलीने आत्तापासून शाळेत सांगून टाकलंय.

निजामपूरचा

उल्कांसाठी तर भामेरलाच या. लाल दिव्यांकडे पाठ करून बसायचं.

लळिंगकर

पैसे राहू द्या. चुलतभावाचं वावर आहे कुरणाच्या अलीकडे, विहिरीला पाणी आहे, मोटार सकाळी सहाला सुरू होते. तेव्हा लाईट असली तर. कपाशी अजून उभी आहे, शेवटची वेचणी व्हायचीय, पण शेजारचा तुकडा मोकळा आहे. तंबू विहिरीपासून लांब टाका, कठडा नाही. मुलीला तेवढं समजावून सांगा. कुत्री आहेत, पहिल्यांदा भुंकतील, मग तुमच्याच तंबूपाशी झोपतील.

येताना भावासाठी आणायचंच असेल तर सोनगीरचा तांब्याचा तांब्या आणा, त्याचा मागच्या महिन्यात विहिरीत पडला.

केळीच्या बागेत

वांगी मी पाठवतो. धुळ्याला रोज गाडी येते आमची. किती माणसं धरू?

कुसळ

पाच धरा.

सलई

सहा. आणि कुसळभाऊ, सतरंजी आणा.